पोत्यामागचं चित्र

"मॅडम, हेच मुशेरिब," सलीमभाई पुन्हा म्हणाले. सलीमभाई रत्नागिरीकडचे, उभा जन्म कतारला, दोह्यात गाडी चालवण्यात गेलेला. त्यांचं चुकणं शक्य नव्हतं. तरी मी हट्टानं म्हणाले, "नाही हो. हे नाही."

समोर गुळगुळीत दगडी फरशी होती, काचेच्या उंच भिंती होत्या आणि आवाज न करता जाणारी ट्राम होती. माझं मुशेरिब तर सगळं आवाजाचंच होतं. खिडकीतल्या एसीची रात्रंदिवस घरघर, पाण्याच्या टँकरचा पाइप टाकीच्या पत्र्यावर आपटायचा तो आवाज, गल्लीच्या तोंडाशी कुबूसच्या, म्हणजे अरबी रोटीच्या, भट्टीवर चाललेली भांडणं. भट्टीतल्या गरम रोटीचा वास, ओल्या धुळीचा वास, वारा फिरला की बंदराकडून येणारा सुक्या मासळीचा वास. इथे आता कसलाच वास नाही. मी नाक वर करून उभी राहिले आणि सलीमभाई माझ्याकडे काळजीनं बघायला लागले.

इथल्या मराठी मंडळानं मला कार्यक्रमाला बोलावलं होतं. काल शाल झाली, भाषण झालं. मुलांनी माझं मराठी शहाण्यासारखं ऐकून घेतलं आणि प्रश्न मात्र इंग्रजीत विचारले. एका चुणचुणीत मुलीनं विचारलं, तुमच्या कादंबऱ्यांना शेवट का नसतो? समीक्षकही गेली चाळीस वर्षं तेच विचारतात, फक्त इतक्या सरळ नाही. मी हसून वेळ मारून नेली. खरं उत्तर या गल्लीत होतं. आणि गल्लीच जागेवर नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला. साताऱ्याहून तानाजी रंगारी. मी इकडे येताना घराची किल्ली त्याच्याकडे देऊन आले होते, अण्णांच्या पश्चात पहिल्यांदाच रंग द्यायचा होता.

"ताई, रंगाला हात घालतोय. पर भितीत खिळे लई हायत वो. एकावर फोटू हाय, त्यो उतरवून ठिवलाय. बाकी समदे मोकळेच. उपटून भोकांत लांबी भरू का?"

"थांबा," मी इतक्या जोरात म्हणाले की शेजारून जाणारा माणूस दचकला. "मी करते फोन. तोवर एकाही खिळ्याला हात लावू नका."

"बरं बरं. तवर सामान सरकवतो," तानाजी म्हणाला.

सलीमभाईंना मी गाडीत बसायला सांगितलं आणि सावलीतल्या एका दगडी बाकावर टेकले.

अण्णा, म्हणजे माझे वडील, पलटणीत सुभेदार होते. गाड्यांच्या दुरुस्तीचं त्यांचं काम. माझं लहानपण छावण्यांमध्ये गेलं. पहाटेचा बिगुल, निलगिरीच्या पानांचा चुरगळलेला वास, बक्कल घासायच्या पावडरीनं हिरवट झालेली अण्णांची बोटं. दर दोन-तीन वर्षांनी बदली. बदली आली की काळ्या ट्रंका बाहेर निघायच्या, त्यांच्यावर पांढऱ्या रंगानं अण्णांचं नाव आणि हुद्दा. आमचे देवसुद्धा ट्रंकेवरच बसायचे, कारण भिंतीला खिळा मारायचा नाही हा आमच्या घरातला पहिला कायदा होता.

त्याचं कारण मार्चिंग आउट. सरकारी क्वार्टर सोडताना एक माणूस तपासायला येतो. नळ, दिवे, काचा, कड्या, सगळं हात लावून बघतो, आणि क्वार्टर जसा घेतला तसा परत द्यावा लागतो. त्या तपासणीत कधी खोट निघाली नाही, हा अण्णांचा अभिमान. मेडलं ट्रंकेच्या तळाशी पडलेली असायची, पण ही गोष्ट ते पाहुण्यांना आवर्जून सांगायचे. निघायच्या आदल्या दिवशी बाह्या वर करून स्वतः भिंतींना पांढरा हात मारायचे. आम्ही तिथे राहत होतो याची एकही खूण मागे राहायची नाही. लहानपणी मला ते फार रुबाबदार वाटायचं.

आईला वाटत नसे. तिच्या लग्नाचा एक फोटो होता, लाकडी चौकटीतला, तिच्या वडिलांनी हौसेनं मढवून दिलेला. तो तिच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून गावोगाव फिरला. प्रत्येक नव्या क्वार्टरमध्ये पाऊल टाकलं की ती भिंतीवरून हात फिरवायची आणि विचारायची, "अवं, एक खिळा? एकच." अण्णा म्हणायचे, "सरकारी भित हाय." आई वाद घालत नसे. फक्त त्या दिवशी ती त्यांना 'सुभेदारसाहेब' म्हणून जेवायला वाढायची, आणि अण्णा निमूट जेवायचे.

पेन्शन घेतल्यावर अण्णांना दोह्यात एका कंपनीच्या वर्कशॉपमध्ये फोरमनची नोकरी लागली आणि आम्ही दोघी त्यांच्याबरोबर इथे आलो. तेलाचा पैसा नुकता कुठे खुळखुळायला लागला होता. गाव मात्र अजून बसकंच होतं, समुद्राकडे तोंड करून पसरलेलं. कंपनीनं मुशेरिबच्या मागच्या गल्लीत घर दिलं. मधे अंगण, अंगणात एक बोरीचं झाड, जाड भिंती. घराचा मालक अबू सालेम. म्हातारा तरुणपणी मोत्यांच्या व्यापाराला मुंबईला जायचा, म्हणून मोडकंतोडकं हिंदी बोलायचा. त्याच्या अत्तराचा वास तो येण्याआधी यायचा आणि तो गेल्यावर बराच वेळ अंगणात रेंगाळायचा. आईला तो खजूर पाठवी, आई त्याला पुरणपोळी पाठवी. दोघांना एकमेकांचं एक अक्षर कळत नसे आणि दोघांचं छान जमायचं.

घरात शिरताच आईनं भिंतीवर हात फिरवला. "हितं तर सरकार न्हाई. आता तरी?"

"भाड्याचं घर हाय," अण्णा म्हणाले. "मालक बोलंल."

आईनं भिंतीवरचा हात काढला नाही. मग म्हणाली, "बरं. खिळा न्हाई तर न्हाई. कोळसा तर पुसता येतो?"

तिथून ते सुरू झालं. वांगं भाजायला आई शेगडीत कोळसे पेटवायची. विझलेल्या कोळशांतला एक उचलून तिनं स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक बाई काढली. डोक्यावर गाठोडं, बरोबर एक शेळी. "ही रखमा," आई म्हणाली. "हिचा दाल्ला गेला पलटनीत. पत्ता दिला न्हाई मेल्यानं. म्हनून निगाली शोधायला." मी खो खो हसले. पलीकडे अण्णा बूट काढत होते, त्यांनी मान वर केली नाही.

मग रोज दुपारी, मी शाळेतून आले की, एक नवं चित्र. बाहेर ऊन असं की अंगणात चप्पल विसरली तर पायात घालवत नसे. आत एसीची घरघर, भातावरच्या वाफेचा वास, आणि आईच्या हाताखाली भिंतीवर चालणारी रखमा. ती घाट चढली. तिनं छावणी पाहिली, तिथे बिगुल वाजवणाऱ्याची टोपी शेळीनं खाल्ली. ती नदीत पडली, वाळूत हरवली, बोरीखाली झोपली. उंटाशी भांडली. भिंत दारापासून मोरीपर्यंत भरत गेली. आई चार बुकं शिकलेली. पण गोष्ट कुठे थांबवायची हे तिला असं कळायचं, की उद्याच्या दुपारपर्यंत मला चैन पडत नसे. आजवर मी जे काही लिहिलं ते त्या भिंतीसमोर पाटावर बसून शिकले. बाकीचं सगळं नंतरचं.

शेवटी रखमा होडीत बसली. शेळीपण. समोर नुसता समुद्र.

त्या उन्हाळ्यात आई थकली. उभं राहवेना तिला. तरी दुपारी ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसायची, तांदळाचं पोतं जरा सरकवून त्याच्यामागे भिंतीच्या तळाशी काहीतरी काढायची, आणि मी दारात दिसले की पोतं परत जागेवर ओढायची. "बघू नगंस. पुरं झाल्यावर दाखवीन."

"रखमा पोचते का गं?"

"चिमे, दम धर."

एका सकाळी तिला दवाखान्यात नेलं. ती परत आली नाही. मला कुणी नीट सांगितलंसुद्धा नाही. शेजारच्या बायका घरात आल्या आणि त्यांतली एक माझी वेणी घालायला लागली, तेव्हा मला कळलं. आईशिवाय माझ्या केसांना कुणी हात लावत नसे.

आम्ही तिला गावी नेलं आणि दिवस करून परत आलो, माझी परीक्षा होती म्हणून. स्वयंपाकघरात रखमा होडीतच होती. पोतं जागेवर होतं. मी त्याच्यापाशी जाऊन बसायची, हात लावायची, सरकवायची नाही. ती दाखवणार म्हणाली होती. तिच्याशिवाय बघितलं तर ती खरोखरच गेली असं झालं असतं. आपण तो शेवट बघायचा राखून ठेवलाय, एवढ्या एका आधारावर मी शाळेत जात होते आणि जेवत होते.

मग कंपनीनं घर सोडायला सांगितलं. अण्णांनी कारण विचारलं नाही. हुकमाला कारण विचारायचं नसतं. त्यांना एकट्याला कंपनीच्या खोल्यांमध्ये जागा मिळाली आणि माझी रवानगी पुण्याच्या वसतिगृहात ठरली.

त्या दिवशी मी शाळेतून आले. दारातच रंगाचा वास आला. मी दप्तरासकट स्वयंपाकघरात धावले. भिंत पांढरी होती. दारापासून मोरीपर्यंत, वरपासून खालपर्यंत, पांढरी. घाट नाही, नदी नाही, शेळी नाही. पोतं बाहेर अंगणात होतं. अण्णा बाह्या वर करून ब्रश धूत होते आणि त्यांच्या भुवयांवर पांढरे ठिपके होते. मी ओरडले नाही, रडले नाही. मला आठवतं ते एवढंच, की मी भिंतीला हात लावला आणि हाताला ओला पांढरा रंग आला. अण्णा म्हणाले, "वली हाय. हात लावू नगंस." त्यांनी शांतपणे एक ब्रश घेतला आणि माझा पंजा उमटला होता तेवढी जागा पुन्हा सारखी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अबू सालेम किल्ल्या घ्यायला आला. अण्णा कडक इस्त्रीचा शर्ट घालून दारात ताठ उभे. म्हातारा घरभर फिरला, स्वयंपाकघरात आला आणि थबकला. भिंतीकडे बघत राहिला. ती चित्रं त्यानं पाहिली होती, उंटापाशी येऊन हसलाही होता एकदा.

"लेश?" तो म्हणाला. म्हणजे, का? "लेश रंग किया, सुभेदार? बुकरा सब खलास. घर तोडेगा. बुलडोझर."

उद्या. उद्या घर पाडणार होते. ती जाड भिंत, ते बोरीचं झाड, सगळं. त्या भिंतीची तपासणी करायला कुणीही येणार नव्हतं. आईची चित्रं आणखी एक दिवस राहिली असती तर जगात कुणाचं काहीही बिघडणार नव्हतं.

अण्णा तसेच ताठ उभे होते. किल्ल्या मात्र त्यांच्या मुठीतून सुटेनात. अबू सालेमनं त्या हळूच काढून घेतल्या आणि "मालेश, मालेश," असं काहीसं पुटपुटत, जाऊ दे म्हणत, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आम्ही तिथून निघालो, तो मुशेरिबमधला माझा शेवटचा दिवस. आजपर्यंतचा.

पुण्यात मी शिकले, शिकवायला लागले, लिहायला लागले. वसतिगृहात सुट्टीच्या दिवशी फोडणीचा वास यायचा आणि माझ्या डोळ्यांपुढे कोळशाच्या रेघा उभ्या राहायच्या. पहिली कादंबरी लिहिली ती शेळी घेऊन निघालेल्या बाईचीच. शेवटाशी आले आणि हात थांबला. दहा शेवट लिहिले, दहाही फाडले. सगळे माझे होते, आईचा एकही नव्हता. अखेर तिला होडीत बसवून समुद्रात सोडून दिलं, बुडालीही नाही आणि पोचलीही नाही. लोकांनी कौतुक केलं. काहींनी त्याला मोठं कलात्मक धाडस म्हटलं. मला मनातून हसू येत होतं आणि अण्णांचा रागही येत होता. त्यांनी ती भिंत कधी पाहिलीसुद्धा नाही, न बघता पुसली, असं मी धरून चालले होते.

अण्णा दोहा सोडून परत आले आणि साताऱ्याच्या बाहेर त्यांनी दोन खोल्या आणि स्वयंपाकघर बांधलं. दिवाळीच्या सुट्टीत मी गेले, पुस्तक घेऊन. घरात शिरले तर भिंतीभर खिळे. पुढच्या खोलीत, मागच्या खोलीत, दाराशेजारी, खिडकीजवळ. एका खिळ्यावर आईचा तो चौकटीतला फोटो, बाकी सगळे मोकळे. मला वाटलं, सुताराचं काम अजून चालू असावं. मी विचारलंही नाही. फराळाचे डबे तांदळाच्या कोठीवर ठेवले आणि बसले.

अण्णांनी पुस्तक दोन दिवस वाचलं, पंचांग वाचावं तसं, ओळीवर बोट ठेवून. तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी चष्मा पुसत म्हणाले, "चांगलं लिवलंयस. पर रखमा समुद्रात ऱ्हात न्हाई. ती पोचती."

मला आधी कळलंच नाही. मग चीड आली. "तुम्हाला काय माहीत?"

"पोत्यामागं काढलं हुतं तिनं."

मी कप खाली ठेवला. "तुम्ही पाहिलंत?"

"भितीला रंग द्यायचा म्हंजी पोतं सरकवावं लागतं का न्हाई?" ते फोटोकडे बघत बोलत होते. "आन् कोळसा लई वंगाळ. पयला हात दिला, वाळला, तर समदी पुन्हा वर आली. रखमा, शेळी, समदी. दुसरा दिला, तरी आली. शाळंतून तू याच्या आत तिसरा दिला. शेळी तर शेवटपतोर दिसत हुती. एक एक चित्र मी तीन-तीन डाव पुसलंय, पोरी. मला इचार कुठं काय हुतं."

त्या भिंतीचा जगात दुसरा वाचक होता आणि मला इतकी वर्षं पत्ता नव्हता.

"मग पुसलंत कशाला?"

"ती गेली. घर सोडा म्हणाले. घर सोडायचं म्हंजी रंग द्यायचा. दुसरं काय सुचलंच न्हाई मला. तेवढंच येत हुतं."

मी हळूच विचारलं, "काय होतं पोत्यामागे?"

"होडी काठाला लागल्याली. शेळी दाराशी बांधल्याली. आन् रखमा घरात." त्यांनी हात वर केला, हवेत मूठ धरली. "एका हातात हातोडी. भितीत खिळा मारतीया."

"आणि नवरा?"

"नवरा न्हवता चित्रात," अण्णा म्हणाले. "त्याचं काय काम हुतं?"

मग ते रडले. मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा रडताना पाहिलं, आईला नेलं तेव्हाही पाहिलं नव्हतं. मी त्यांच्या डोक्यावरून भिंतीकडे पाहिलं. सगळे खिळे आईचा हात जिथवर पोचायचा त्या उंचीला होते.

तो शेवट मी कुठल्याच पुस्तकात लिहिला नाही. तो आईचा होता आणि अण्णांना मिळाला होता. अण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते गेल्यावर मी त्याच घरात राहायला आले, त्या फोटोखेरीज एकाही खिळ्यावर काही न टांगता.

ट्राम पुन्हा एकदा आवाज न करता गेली. मी तानाजीला फोन लावला.

"खिळे काढायचे नाहीत. त्यांच्या भोवतीनं रंग द्या."

"ताई, भित चांगली न्हाई दिसायची."

"नाही दिसली तरी चालेल."

"बरं, तुमचं घर." तो जरा घुटमळला. "पर एक इचारू? सैपाकघरातली तांदळाची कोठी सरकवली आत्ता. तिच्यामागं बी एक हाय. पार खाली, फरशीला लागून. समद्यांत मोठा. तितं वाकून मारायला बी यायचं न्हाई, बसूनच मारला असंल कुणीतरी. पर तितं टांगायचं तरी काय?"

मी बाकावरून उठले होते ती पुन्हा खाली बसले. ती कोठी अण्णांनी ठेवली होती. केर काढताना मी तिच्या कडेनं झाडू फिरवायची, ती कधी सरकवली नव्हती. सलीमभाई गाडीतून उतरून माझ्याकडे येताना दिसले, मला काय झालंय ते त्यांना कळेना.

"ताई? आयकताय न्हवं? ह्यो तर काढू? ह्याचा काय उपेग न्हाई."

"तो राहू दे," मी म्हणाले. "आणि कोठी पुन्हा होती तशी त्याच्यापुढे सरकवून ठेवा. मी आल्यावर बघते."